दुसऱ्याच्या वावरात बॉल

१६ नोव्हेंबर १९६७, गुरुवार. सकाळी परसात बसून मी चुलीतली राख चाळत होते. भांडी घासायला राख चाळावी लागत नाही. मैदानावर रेघा मारायच्या असतील तर चाळावी लागते, कारण एखादा कोळशाचा खडा राहिला तर तो अनवाणी पायात रुततो. शाळेकडे मी चुना मागितला होता. हेडमास्तर म्हणाले, चुना गॅदरिंगच्या आधी भिंतींना लागतो, त्यातून उरला तर बघू. म्हणून शेजारच्या दोन घरांची राख मागून आणली होती आणि जुन्या चाळणीनं चाळत बसले होते.

यजमान ओट्यावर चहा पीत होते. ते मोजणी खात्यात होते. साखळी आणि नकाशे घेऊन गावोगाव हिंडायचे आणि दोन भावांमधली, दोन शेजाऱ्यांमधली हद्द ठरवून द्यायचे.

"तू या गावात जमिनीवर रेघा मारून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला."

"मंग एखादा वकीलही लावून ठेव."

ते सकाळी सकाळी असं काहीतरी बोलतच असत, म्हणून मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळपर्यंत लक्ष द्यावं लागलं.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. मेहकरपासून एसटीनं तासाभरावरच्या एका गावातल्या हायस्कुलात पाचवी ते सातवीला गणित शिकवत होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ड्रिलमास्तर आले नाहीत. ते देऊळघाटचे होते, वडिलांचं वय झालं म्हणून घरची शेती बघायला परत गेले. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, फुटबॉलची टीम कोण बघणार? एका मास्तरांनी छताकडे पाहिलं, दुसऱ्यांनी गुडघ्याला हात लावला. मी म्हटलं, "मी बघते."

"बाई, हे लेझीम नाही," हेडमास्तर हसून म्हणाले.

"ठाऊक आहे. लेझमीत बॉल नसतो."

मी कामठीची. तिथं फुटबॉल कोणी मुद्दाम शिकत नाही, तो अंगणातच असतो. बारा वर्षांची होईपर्यंत मी भावांबरोबर खेळले. मग मला मैदानावर जायची बंदी झाली आणि संध्याकाळी गच्चीवरचं वाळवण राखायला बसवायला लागले. गच्चीसमोरच मैदान होतं. चार वर्षं मी पापडांवरचे चिमण्या-कावळे हाकत वरून सामने पाहिले. खाली उभं राहणाऱ्याला बॉल दिसतो. वरून पाहणाऱ्याला रिकामी जागा दिसते, आणि तिच्यात आधी कोण शिरतो ते दिसतं. मला बंदी करणाऱ्यांचे मी एवढेच उपकार मानते, त्याहून जास्त नाही.

मैदान म्हणजे शाळेमागचं गायरान. दिवसभर तिथं गुरं असायची. खेळायच्या आधी शेण उचलावं लागे. शाळेचा बॉल पहिल्याच महिन्यात बाभळीच्या काट्यावर फुटला. ब्लॅडरला ठिगळ लावलं तरी हवा राहीना. भावाला पत्र टाकलं. त्यानं कामठीहून एक जुना पण चांगला बॉल एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला.

पोरं काटक होती. वावरात वाढलेली पोरं दमत नाहीत. पण बॉल जिथं जाईल तिथं अठराच्या अठरा धावायची, आग्या मोहोळ उठल्यासारखी. तोंडानं सांगून उपयोग झाला नाही. म्हणून मी मैदानाच्या लांबीनं राखेच्या चार रेघा मारल्या, पाच पट्टे केले, आणि ज्याला त्याला त्याचा पट्टा नेमून दिला. "आपली जागा सोडायची नाही," असं बजावलं. दोन आठवड्यांत मोहोळ बसलं. हेडमास्तर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, शिस्त आली. मीही खूश झाले. चूक माझी इथंच झाली.

पोरं आता जागा सोडेनातच. बुजगावण्यासारखी आपापल्या पट्ट्यात उभी राहायची. बॉल आला की रेघेपर्यंत आणायचा आणि जोरात पुढं भिरकावून द्यायचा, कोणाला मिळाला हे बघायचंही नाही. मी त्यांना आकड्यांत समजावलं. "त्यांचे अकरा, आपले अकरा. सगळे जागच्या जागी उभे राहिले तर एकासमोर एक. कोणाचंच काही होणार नाही. पण तुमच्यातल्या एकानं पायात बॉल घेऊन शेजारच्या रिकाम्या जागेत शिरायचं. मग तिथं आपले दोन आणि त्यांचा एक. त्या एकानं कोणाला धरायचं?"

"मंग मागं आपला एक कमी झाला नं बाई," गोलकीपर म्हणाला. तो नेहमी बरोबर शंका काढायचा.

"झाला. म्हणून त्याच्या शेजारच्यानं सरकून ती जागा भरायची. सगळ्यांनी सरकायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि त्या गुरुवारी संध्याकाळी, ताज्या चाळलेल्या राखेच्या रेघांवर, मी हे करून पाहायला सांगितलं.

दोन पोरांबद्दल इथं सांगायला हवं. एक आमचा लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. भाजीपाला करणाऱ्या घरातला, सडपातळ, दहावीतला. बॉल त्याच्या पायाला चिकटायचा. दुसरा लेफ्ट आउट, म्हणजे त्याच्या पुढं डाव्या कडेला खेळणारा. तो मोठ्या जमीनवाल्या घरचा; त्याचे वडील आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. तो टीममध्ये सगळ्यात वेगानं पळायचा. एकमेकांशेजारी खेळणारी ही दोन पोरं एकमेकांशी बोलत नाहीत हे मी पाहिलं होतं, पण वर्गातही काहीजण बोलत नाहीत, म्हणून सोडून दिलं होतं.

मी शिट्टी वाजवली. लेफ्ट हाफ बॉल घेऊन रेघेपर्यंत आला आणि थांबला.

"चल, पुढं जा. रेघ ओलांड."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि ओलांडली. दोन पावलं गेला असेल नसेल, लेफ्ट आउट ओरडला, "माह्या वावरात काऊन घुसला बे?"

पोरं खदखदून हसली. मीही हसणार होते. पण लेफ्ट हाफ हसला नाही. त्यानं बॉल सोडला आणि त्याची गचांडी धरली. "वावर कोनाचं हाय ते कोर्ट सांगन! तुह्या बापाले इचार!"

दोघांना सोडवायला मला आणि गोलकीपरला जोर लावावा लागला. लेफ्ट आउटच्या ओठातून रक्त आलं, लेफ्ट हाफचा सदरा फाटला. मग गोलकीपरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, जे गावात फक्त मलाच माहीत नव्हतं. दोन्ही घरांची शेतं लागून आहेत. मधला धुरा, म्हणजे बांध, तीन हात कोणाकडे सरकला यावरून मेहकरच्या कोर्टात केस चालू आहे. केस या पोरांच्या जन्माआधीची आहे. आमच्या भागात धुऱ्यावर पाय ठेवायचीसुद्धा रीत आहे: आवाज देऊन, विचारून. आणि मी काय केलं होतं? जमिनीवर राखेचा धुरा घातला होता, एका बाजूला एकाला उभं केलं होतं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याला, आणि महिनाभर बजावलं होतं, आपली जागा सोडायची नाही.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "मी सकाळीच म्हटलं होतं, वकील लाव."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कडुलिंबाचा डहाळा घेऊन आतल्या चारही रेघा स्वतः पुसल्या. मग चार दप्तरं ठेवून दहा पावलांचा चौकोन केला. त्यात एका वेळी दोन पोरं आणि मी. साडीचा पदर खोचला आणि समोरच्या टीमचा बॅक, म्हणजे अडवणारा खेळाडू, म्हणून मध्ये उभी राहिले.

"तुमच्यापुढं मोकळी जागा आहे तोवर बॉल द्यायचा नाही. घेऊन यायचं. मी अंगावर आले की दुसऱ्याला द्यायचा. मी नाही आले तर जातच राहायचं. बाकी काही नाही."

गायरानाच्या कडेला गुरं राखणारे, शेतावरून परतणारे, पारावरचे दोघेतिघे, सगळे तमाशा बघायला थांबले. एकजण ओरडला, "बाई, घरी भाकर करपली असन!"

"करपली तर तुमच्याकडे धाडते," मी म्हटलं. "तुम्हाला सवय असेल."

त्यानंतर त्याच्या बायकोची भाकरी हा गावाचा चार दिवसांचा विषय झाला आणि मला कोणी काही बोललं नाही.

मेहकरला आमचा सामना ठरला होता, पुढच्या शनिवारी, पंचवीस तारखेला. समोर बुलढाण्याहून येणारी टीम, बूट घालून खेळणारी. आमच्याकडे आठ दिवस, त्यात कापसाची वेचणी चालू. चारपाच पोरं रोज गैरहजर. आली तरी बोंडांनी बोटं ओरबाडलेली. फुटबॉल पायानं खेळतात हे त्यातल्या त्यात बरं.

लेफ्ट हाफची अडचण निराळी होती. तो जागेत शिरायचा, पण मी अजून चार हात लांब असतानाच बॉल देऊन टाकायचा. मग मी सरळ दुसऱ्याकडे जायची आणि दोनासमोर एकचं पुन्हा एकासमोर एक व्हायचं. दहादा सांगितलं, दहादा तेच.

रविवारी सकाळी मी वांगी आणायला त्यांच्या मळ्यात गेले. बाप मोट हाकत होता. पोरगा फावडं घेऊन वाफ्यांत पाणी वळवत होता. पाणी एका वाफ्यात शिरलं, पसरलं, अर्धा वाफा भिजला. तो फावड्यावर हात ठेवून उभाच.

"काऊन थांबलास?" मी विचारलं. इतक्या वर्षांत ही बोली माझ्याही तोंडात बसली होती.

"भरू द्या नं बाई. आत्ताच फोडलं तं खालचा कोपरा कोरडा राह्यते."

"आणि उशीर झाला तर?"

"तं पानीच बांध फोडते. मंग बुढा मले फोडते."

पाणी काठाला आलं. त्यानं एका घावात बांध फोडला, त्याच मातीनं मागचं तोंड बुजवलं, आणि पाणी पुढच्या वाफ्यात गेलं. एक थेंब वाया नाही.

"मग मैदानावर तुला कसली घाई असते?"

त्यानं कपाळ पुसलं. "तिथं पानी दिसत नाही नं बाई."

"दिसतं. समोरच्या बॅकच्या पायाकडे बघ. तुझ्या दिशेनं त्याचा पाय उचलला की वाफा भरला. त्याच्या आधी फोडायचं नाही."

सोमवारी त्यानं मला सातपैकी पाच वेळा फसवलं. मंगळवारी मी मोजणं सोडून दिलं.

आता लेफ्ट आउट. तो वेगळा रुसून बसला होता. लेफ्ट हाफकडून बॉल घ्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मी त्याला आडवं घेतलं. "तो तुझ्या जागेत जागा घ्यायला येत नाही. तुझ्यासाठी बॉल घेऊन येतो. तू घेतला नाहीस तर गोल कोण मारेल?"

"त्याच्या हातचं आम्ही कायी घेत नाही बाई."

"हातचं कुठं? पायाचं आहे."

तो हसू दाबत होता. मी म्हटलं, "मळ्यात पाणी देतो ना, तसंच देतो."

तो गंभीरपणे म्हणाला, "केस धुऱ्याची हाय. पान्याची नाही. पानी चालते."

वकिलाचा मुलगा नसून अध्यक्षांचा मुलगा होता, पण बुद्धी तीच. त्या संध्याकाळपासून त्यानं बॉल घ्यायला सुरुवात केली. दोघं तरीही बोलत नव्हते. त्यांनी बोलावं असं माझं म्हणणं नव्हतं, खेळावं एवढंच हवं होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. खोलीत अध्यक्ष बसले होते. हेडमास्तर स्वतःच्याच खुर्चीच्या काठावर बसले होते.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. शाळेची इमारत त्यांच्यामुळं उभी होती आणि हे ते स्वतः फारसं सांगत नसत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमाले एक सांगून राह्यलो. शनिवारी सामना मेहकरात हाय. कोर्टही मेहकरात हाय. आमचे वकील, त्यायचे वकील, कारकून, सारे पाह्याले येतीन. अन् त्यायच्या समोर तो पोट्टा धुरा ओलांडल्यासारखा आमच्या पोराच्या बाजूनं घुसते, अन् आमचा पोरगा तोंड वासून त्याची वाट पाह्यते. लोक काय म्हनतीन?"

"गोल झाला म्हणतील."

हेडमास्तर खोकले.

"ज्यानं त्यानं आपल्या जागी उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले. "बॉल आला की मोठा मारावा. पयले तुमीच तं तसं शिकवलं होतं. मले हेडमास्तरनं सांगितलं, शिस्त आली."

"ती माझी चूक होती. दुरुस्त केली."

"तो पोट्टा रेघ ओलांडून गेला, तं टीम तुमच्याकडे राहनार नाही. मी मास्तर पाहून ठेवला."

"रेघ आता नाहीच," मी म्हटलं. "पण तो जाईल. मी त्याला जायला शिकवलंय."

"बाई, जरा समजून घ्या," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"समजले. टीम माझ्याकडे राहणार नाही. पण शनिवारपर्यंत आहे ना?"

घंटा झाली. मला सहावी ब ला अपूर्णांक शिकवायचे होते. मी गेले.

मला राग आला नव्हता असं नाही. पण रागाचं कारण बायकांच्या मागं लागणारं नेहमीचं काहीतरी असतं तर मी ते पचवलं असतं, सवय होती. हे वेगळं होतं. जे बरोबर आहे ते मला कळलं होतं, ते पोरांना जमायला लागलं होतं, आणि ते थांबवायचं कारण एवढंच की दोन शेतांमध्ये तीन हात जमिनीचा वाद आहे. माझ्या डोक्यात ते बसेना. अजूनही बसत नाही.

शनिवारी पहिल्या एसटीनं आम्ही मेहकरला गेलो. टपावर सायकली, आत पोरं आणि एक बॉल. पोरांनी डब्यात भाकरी आणि ठेचा आणला होता, मी गूळ-शेंगदाणे बांधून घेतले होते. अध्यक्ष जीपनं पुढं गेले होते. मैदानाच्या डाव्या कडेला, जिथं आमचे लेफ्ट हाफ आणि लेफ्ट आउट खेळणार, बरोबर तिथं त्यांची खुर्ची मांडली होती. डोक्यावर छत्री धरायला माणूस.

पहिला अर्धा सामना त्या खुर्चीनं खेळला. लेफ्ट हाफकडे बॉल आला की आवाज यायचा, "तिथंच थांब! मोठा मार!" तो थांबायचा आणि मारायचा. बॉल सरळ त्यांच्या उंच बॅककडे. तो डोक्यानं परत पाठवायचा. बुलढाण्याच्या पोरांना घाम आला नाही. आमच्यावर दोन गोल झाले.

मध्यंतरात पोरं माझ्याभोवती बसली, खाली माना घालून गूळ चघळत. लेफ्ट हाफ म्हणाला, "बाई, अध्यक्ष म्हनतात तिथंच थांब."

"ऐकलं मी. सगळ्या मेहकरनं ऐकलं."

लेफ्ट आउटनं वर पाहिलं. "बाई, हा घुसला तं बाबा तुमच्याकडून टीम काढून घेनार हायेत. घरी बोलत होते."

"मला त्यांनी तोंडावर सांगितलंय. त्यात तुमचं काही जात नाही, माझं जातं, आणि ते मी बघेन." मी लेफ्ट हाफकडे वळले. "पुढं जागा दिसली की घेऊन जायचं. वाफा भरेपर्यंत फोडायचं नाही." मग लेफ्ट आउटला म्हटलं, "आणि तू कडेकडेनं पळ. मागं बघत बसू नकोस. येईल तो."

गोलकीपर म्हणाला, "अन् मी?"

"तू तिसरा खाऊ नकोस."

मध्यंतरानंतर टीमा बाजू बदलतात. याचा अध्यक्षांनी विचार केला नव्हता. आमची डावी बाजू आता मैदानाच्या पलीकडच्या कडेला गेली. शिट्टी वाजल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठले. माणसानं एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खुर्ची घेतली, आणि ती वरात गोलामागून वळसा घालत पलीकडे निघाली.

ती गोलामागं असतानाच लेफ्ट हाफला बॉल मिळाला. समोर वीस पावलं मोकळी. तो एक क्षण थांबला, आवाज आला नाही, आणि निघाला. त्यांचा हाफ मध्ये होता, तो पोचू शकला नाही. बूटवाला राइट बॅक एकटा उरला. समोरून हा येतोय, कडेनं आमचा लेफ्ट आउट पळतोय. बॅक मागं मागं सरकत होता, कोणाला धरावं कळत नव्हतं. मी फक्त त्याच्या पायाकडे पाहत होते. पाय उचलला. लेफ्ट हाफनं नेमका तेव्हाच बॉल बाजूला सरकवला. लेफ्ट आउट बॅकच्या मागून आत शिरला आणि जमिनीलगत मारला. गोल.

मग आमच्या गावचा एकजण, तोच भाकरीवाला, गर्दीतून किंचाळला, "धुरा फोडला रे! फोडला!"

निम्मं मेहकर हसलं. कोर्टातले कारकून तर पोट धरून. वळशावर, छत्रीखाली, अध्यक्ष जागीच उभे राहिले. खुर्ची धरलेला माणूसही हसत होता आणि हसू लपवायला त्यानं खुर्ची तोंडासमोर धरली.

खुर्ची पलीकडे मांडली गेली, आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता तो कोणी ऐकत नव्हतं. लेफ्ट हाफ आणखी चार वेळा गेला. एकदा बॅक त्याच्याकडे आलाच नाही, लेफ्ट आउटलाच धरून राहिला, तेव्हा हा सांगितल्याप्रमाणे जातच राहिला आणि त्यानं मारलेला बॉल खांबाला लागून बाहेर गेला. शेवटच्या दहा मिनिटांत बुलढाण्याच्या मास्तरांनी दोन माणसं त्या कडेला आणून ठेवली. म्हणजे आमच्या उजव्या बाजूला जागा मोकळी झाली. ते पोरांच्या लक्षात येईपर्यंत वेळ संपला. हरलो, दोन-एक.

स्टँडवर हेडमास्तर माझ्याजवळ आले. त्यांना बोलायला अवघड जात होतं, म्हणून मीच विचारलं, "खेळाच्या कपाटाची चावी?"

"आणि पोरांची यादी. सोमवारपासून दुसरे मास्तर. मैदानावर फक्त त्यांनी..." ते थांबले. "बाई, खेळले मात्र पोट्टे."

"उद्या सकाळी देते."

एसटीत पोरं दुसरा गोल कोणामुळं झाला यावर कचाकचा भांडत होती. लेफ्ट हाफ आणि लेफ्ट आउट वेगवेगळ्या बाकांवर होते, पण दोघंही गोलकीपरलाच शिव्या देत होते. एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

घरी पोचल्यावर मी भाकरी टाकत टाकत यजमानांना विचारलं, "शाळेमागचं मैदान कोणाच्या नावावर आहे?"

"कोनाच्या नाही. गायरान हाय. गावाचं."

"शाळेची हद्द कुठं संपते?"

"बोरीच्या झाडापाशी. तिथून पुढं शाळेचा एक हातही नाही."

"नक्की?"

"साखळी मीच धरली होती," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून, "राख चाळून देऊ?"

"तुम्ही खडे ठेवता. मी चाळते."

रविवारी सकाळी मी हेडमास्तरांच्या घरी गेले. कपाटाची चावी आणि पोरांची यादी त्यांच्या ओट्यावर ठेवली. कपाटात फुटका बॉल, पंप आणि शिट्टी होती, ती शाळेची. तिथून बोरीच्या झाडापलीकडे गेले. शेण उचललं. राखेनं बाहेरच्या चार रेघा मारल्या, आत एकही नाही. भावानं पाठवलेला बॉल मध्ये ठेवला. हळूहळू पोरं जमली, नऊजण. लेफ्ट हाफ मळ्यातलं पाणी द्यायचं बारं आटोपून आला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. लेफ्ट आउट आला नाही. त्याला घरून सोडलं नसणार.

मी पदर खोचला, डाव्या कडेला लेफ्ट आउटच्या जागी जाऊन उभी राहिले आणि लेफ्ट हाफला म्हटलं, "जागा मोकळी आहे. घेऊन ये."